'माझी आई खोटं बोलतेय' : दिल्ली, १७१६

तळ्याकाठी

गेले आठ दिवस एक मुलगा डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

डिसेंबर १७१५. गुरदासपूरजवळच्या गुरदास नंगलच्या गढीत शीख सेनानी बंदासिंग बहादूर आणि त्यांची माणसं मुघल फौजेच्या हाती लागली. वेढा आठ महिने चालला होता. धान्य कधीच संपलं होतं, बैल-घोडे खाऊन झाले, शेवटी झाडांच्या साली वाटून खाल्ल्या. बाहेर पडले तेव्हा अंगावर मांस नव्हतं. कैद्यांना दिल्लीत आणलं ते फेब्रुवारी १७१६ मध्ये. बंदासिंग लोखंडी पिंजऱ्यात, पिंजरा हत्तीवर, मागे उंटांवर दोन-दोन बांधलेली माणसं, पुढे भाल्यांवर मेलेल्यांची मुंडकी. बघायला अख्खं शहर रस्त्यावर.

मार्चमध्ये कोतवालीच्या चबुतऱ्यावर कत्तल सुरू झाली. दिवसाला शंभर. धर्म सोड, जीव वाचव, असा सौदा होता.

त्या रांगेत एक कोवळा पोरगा होता. त्याच्या आईने दिल्लीत येऊन कुणाकुणाचे पाय धरले आणि अर्ज पोचवला की माझा मुलगा यांच्यातला नाहीच. यांनी त्याला पकडून नेलं होतं, तो यांचा कैदी होता, निर्दोष आहे. बादशहा फर्रुखसियरला दया आली. सुटकेचा हुकूम निघाला. ती तो कागद घेऊन पोचली तेव्हा मारेकरी रक्ताळलेली तलवार घेऊन पोराच्या डोक्याशी उभा होता. कोतवालाने हुकूम वाचला आणि पोराला सोडायला सांगितलं.

पोरगा म्हणाला, माझी आई खोटं बोलतेय. मी मनापासून माझ्या गुरूचा आहे. मला लवकर माझ्या सोबत्यांकडे पाठवा.

पाठवला.

मुलाचं धाडस कळतं. निदान कळतं असं वाटतं. पण हातात कागद घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईचं काय करायचं? तिने जे मिळवलं होतं ते त्याने सगळ्यांदेखत परत केलं, वर तिला खोटारडी ठरवलं. हे धाडस की दुष्टपणा? खरंच विचारतोय, भांडण लावायला नाही.

---

गोदाकाठ

नांदेडकर हजर.

इथे लहानपणापासून ऐकत आलेलं थोडं मागचं सांगतो, म्हणजे तो पोरगा कुठून आला ते कळेल. बंदासिंग हे मूळचे माधोदास, बैरागी. गोदावरीच्या काठी इथेच त्यांचा मठ होता. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग नांदेडला आले, दोघांची भेट झाली, बैराग्याचा 'बंदा' झाला आणि पंजाबकडे निघाला. गुरूंचा देह त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इथेच ठेवला गेला.

बंदासिंग पंजाबात गेले ते सरहिंदवर. तिथल्या फौजदार वझीरखानाने गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, भिंतीत चिणायचा हुकूम दिला होता. वयं नऊ आणि सात. (सन १७०४ की १७०५ यावर अजून वाद घालतात लोक.) ऐन थंडीत आजी माता गुजरींबरोबर त्यांना ठंड्या बुरुजात ठेवलं होतं, उन्हाळ्यात गार राहावा म्हणून बांधलेला बुरूज. परंपरा सांगते की दरबारात जाताना मुद्दाम छोटा दिंडी दरवाजा उघडा ठेवला, म्हणजे आत शिरताना मान आपोआप झुकेल. पोरांनी आधी पाय आत टाकले.

मे १७१० मध्ये छप्पर चिडीच्या लढाईत वझीरखान मारला गेला. त्यानंतर बंदासिंगांनी कसणाऱ्यांना जमिनी दिल्या, नाणी पाडली ती गुरूंच्या नावाने. काल गावकुसाबाहेर असलेला माणूस आज हुद्द्यावर बसला, हे तेव्हाच्या दरबारी मंडळींना फार झोंबलं होतं.

म्हणजे हा पोरगा कुणी भाबडा, चुकून सापडलेला नव्हता. त्या सात-नऊ वर्षांच्या पोरांची गोष्ट त्याने नक्की ऐकलेली असणार. त्याच गोष्टीपायी तर तो गढीत होता.

---

साधाप्रश्न

नेहमीप्रमाणे मीच वाईट होतो.

शिर सलामत तो पगडी पचास. पोरगा घरी गेला असता, वर्षभर गप्प बसला असता, मग पुन्हा जंगलात जाऊन सामील झाला असता. गुरूंना एक जिवंत माणूस मिळाला असता. मेल्याने काय मिळालं? तीनशे वर्षांनी एक धागा.

आणि कोवळ्या वयाच्या मरणाचे असे गोडवे गायले की पुढची कोवळी पोरं कुणी ना कुणी रांगेत उभी करतंच. सगळ्याच धर्मांत. याची मला भीती वाटते.

आणखी एक. ही गोष्ट खरी कशावरून? आई, हुकूम, तलवार ऐन डोक्यावर... फारच नाटकासारखं जुळून आलंय.

---

बखरवाला

@साधाप्रश्न, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, पहिल्या दोघांत मला गती नाही.

ही गोष्ट सांगितली आहे मुघल इतिहासकार खाफीखानाने. हो, तोच. शिवाजी महाराजांना शिव्या मोजताना न थकणारा, आणि तरी कुराण आणि बायका यांच्या बाबतीत महाराजांची वागणूक चोख होती हे नाइलाजाने लिहून गेलेला. शिखांवर त्याचा राग त्याहून जास्त. त्याच्या लेखी हे सगळे लुटारू आणि काफर. अशा माणसाला एका शीख पोराची थोरवी रचून सांगायची काहीच गरज नव्हती. त्याने ती अचंबा वाटला म्हणून लिहिली. तुम्ही म्हणता तसा थोडा नाट्यमय हात त्याने फिरवला असेलही, इतिहासकारांना ती खोड असतेच.

पण दुसरा साक्षीदार त्याहून कोरडा आहे. त्याच वेळी ईस्ट इंडिया कंपनीचे वकील जॉन सर्मन आणि एडवर्ड स्टीफन्सन दिल्लीत फर्मान मिळवण्यासाठी खेटे घालत होते. (मिळालं ते १७१७ मध्ये.) त्यांनी मार्च १७१६ मध्ये कलकत्त्याला पाठवलेल्या पत्रात ७८० कैद्यांचा आकडा आहे, रोज शंभर मारले जातात हे आहे, आणि पुढे असं की ही माणसं विलक्षण शांतपणे मरणाला सामोरी जातात, शेवटपर्यंत एकानेही आपला हा नवा धर्म सोडल्याचं आढळलेलं नाही.

ना शिखांशी देणंघेणं, ना मुघलांशी. व्यापारी. रोजच्या कामाच्या पत्रात त्यांनी हे लिहिलं. म्हणून माझा विश्वास बसतो.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलंय, की तो 'हो' म्हणून घरी गेला असता. पण त्याला 'हो' म्हणायला कुणी सांगितलंच नव्हतं. बाकीच्यांना धर्म सोडायचा होता. याला नुसतं गप्प राहायचं होतं. आईने बोलून झालं होतं, कागद झाला होता. मला वाटतं ह्याची कसोटी जास्त कठीण होती. नकार द्यायला समोर प्रश्न तरी लागतो, इथे तोही नव्हता.

---

निळी_शाई

बखरवाला, शेवटच्या परिच्छेदाला +१००.

पण साधाप्रश्न यांचं म्हणणं उडवून लावू नका. ज्यांना उभं राहता आलं नाही त्यांच्याकडे आपण कसं बघतो, ते या गोष्टींच्या पोटात असतंच.

इस्लामच्या अगदी सुरुवातीच्या काळातला अम्मार बिन यासिर आठवा. मक्केत त्याच्या आईवडिलांचा छळ करून जीव घेतला. अम्मारचा इतका छळ केला की त्याच्या तोंडून हवे ते शब्द वदवून घेतले. तो रडत पैगंबरांकडे गेला. त्यांनी विचारलं, तुझं मन कसं आहे? म्हणाला, मन तिथेच आहे, श्रद्धेवर. मग कुराणात आयत आली (१६:१०६) की ज्याच्यावर जबरदस्ती झाली आणि ज्याचं मन श्रद्धेवर ठाम आहे त्याला दोष नाही. त्याच काळात बिलाल मात्र छातीवर दगड ठेवला तरी 'एकच, एकच' म्हणत राहिला. परंपरेने दोघांनाही जवळ ठेवलं. मला हे फार मोठं वाटतं.

आणि आपल्याकडे नेताजी पालकर. औरंगजेबाने बाटवलं, मुहम्मद कुलीखान केलं, काबूलकडे धाडलं. नऊ-दहा वर्षांनी परत आले तेव्हा १६७६ मध्ये महाराजांनी त्यांना शुद्ध करून पुन्हा आपल्यात घेतलं. तेव्हाच्या समाजात ही छोटी गोष्ट नव्हती. वाकलेल्याला परत घ्यायलाही छाती लागते, आणि तिच्यावर धागे निघत नाहीत.

---

मावळा_१६५७

नेताजी आठवले आणि शंभूराजे नाही? ११ मार्च १६८९. वय ३१. इथे चर्चा त्यांच्यापासूनच सुरू व्हायला हवी होती.

---

संपादक_मंडळ

शंभूराजांवर तीन धागे चालू आहेत आणि तिन्हींचं काय झालं ते सर्वांनी पाहिलंय. इथे १७१६ वर राहू. आजचं राजकारण आणलं तर प्रतिसाद उडतील.

---

उंबरठा

मी धाग्याच्या मूळ प्रश्नावर येते. दोन मुलांची आई म्हणून लिहितेय.

मी खोटं बोलले असते. एकदा नाही, शंभरदा. देवाच्या नावाने शपथ घेऊन बोलले असते. त्या बाईने केलं त्यात मला तसूभर चूक दिसत नाही आणि तिच्या जागी असते तर त्या पोराला तिथल्या तिथे मुस्कटात मारली असती. आधी हे लिहून मोकळी होते.

आता दुसरं. काल रात्री पुन्हा वाचलं तेव्हा मला 'आई खोटं बोलतेय' हे वाक्य वेगळंच ऐकू आलं. आपण ते आईवर केलेला आरोप म्हणून वाचतोय. पण तो ते कोतवालाला सांगतोय. कागदावर लिहिलंय की मी यांचा कैदी होतो, यांनी मला ओढून नेलं. हे 'यांनी' म्हणजे कोण? जे त्याच्या शेजारी बांधलेले आहेत ते. ज्यांच्याबरोबर त्याने झाडाच्या साली वाटून खाल्ल्या ते. सुटायची किंमत धर्म सोडणं एवढीच नव्हती. शेजारच्या माणसाला पोरं पळवणारा ठरवून तिथून उठायचं होतं. कागदावर सही आईची, पण ते खोटं पुढे आयुष्यभर वागवायचं होतं त्याला.

त्याला बहुतेक ते जमलं नसतं. मुस्कटात मात्र मारलीच असती.

---

साधाप्रश्न

@उंबरठा, हे मी असं वाचलंच नव्हतं. सोबत्यांचा मुद्दा मान्य. मग ही श्रद्धेची गोष्ट की मैत्रीची?

---

गोदाकाठ

त्या वयात दोन्ही वेगळं असतं का हो? अठरा-वीसच्या पोराला देव कळतो तो ज्यांच्या पंगतीला बसतो त्यांच्यातून. संगत आणि पंगत, त्या पंथाची सगळी इमारतच यावर आहे.

---

तळ्याकाठी

उंबरठा, धन्यवाद. आठ दिवस मी कागदाकडेच बघत होतो, त्यात लिहिलंय काय हे बघितलंच नाही.

---

पानगळ

वाचनमात्र असते एरवी, पण आईचा विषय निघाला म्हणून एक भर. नायजेरियातल्या डापची गावच्या शाळेतून फेब्रुवारी २०१८ मध्ये बोको हरामच्या एका गटाने ११० मुली पळवल्या. महिनाभराने बहुतेकींना परत आणून सोडलं. लिआ शारिबू ही चौदा वर्षांची मुलगी तेवढी ठेवून घेतली, कारण ख्रिस्ती धर्म सोडायला ती तयार होईना. परत आलेल्या मैत्रिणींनी सांगितलं की आम्ही तिला विनवलं, नुसतं तोंडाने म्हण आणि चल घरी. मैत्रिणी मुसलमान होत्या, आणि त्यांनी तिला वाचवायचीच धडपड केली. तिने त्यांच्याबरोबर आईला निरोप पाठवला, माझ्यासाठी प्रार्थना कर.

त्या दिवशी तिची आई गाड्यांमधून उतरणाऱ्या मुलींमध्ये तिला शोधत होती. १७१६ फार लांब नाहीये.

---

झाकलीमूठ

दोन दिवस लिहू की नको चाललं होतं. आमच्या घरातली गोष्ट आहे. तलवार वगैरे नाही, छोटी आहे. गावाचं नाव लिहीत नाही, अजून नातेवाईक आहेत तिथे.

माझे आजोबा ऑक्टोबर १९५६ मध्ये सतरा वर्षांचे होते. गावातल्या मोठ्या माणसांबरोबर नागपूरला गेले, १४ तारखेला दीक्षा घेतली, बाबासाहेबांच्या मागे बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. आजोबा सांगायचे, आवाज घशातून येत नव्हता, पोटातून येत होता. परत येऊन घरातले देव टोपलीत घातले आणि नदीला सोडून आले. दोन महिन्यांत बाबासाहेब गेले. गाव म्हणालं, आता यांचा बाप गेला, येतील ठिकाणावर.

आमच्या घराकडे गावची कामं होती. मेलेलं ढोर ओढणं, मयतीचा सांगावा पोचवणं आणि पोळ्याला बैलांपुढे डफडं वाजवणं. डफडं आजोबांच्या हातात असं बसलेलं होतं की पंचक्रोशीतून बोलावणं यायचं. पहिली दोन कामं आमच्या वस्तीने दीक्षेनंतर बंदच केली, त्यावर कुरबुर झाली, मारामारी नाही. पण १९५७ च्या पोळ्याला सकाळीच माणसं दारात आली. पोट्टा कुठाय? तोरणाखाली बैल उभे आहेत.

हे काम धर्माचं आहे का, असं आमच्याच एका म्हाताऱ्याने विचारलं होतं म्हणे. वाजवून घे, काय होते? आजोबांचं उत्तर होतं की मला वाजवायला आवडतं, पण ते मला बोलवत नाहीत, माझ्या जातीला बोलवतात, आणि ती मी नागपूरला ठेवून आलो.

तर माणसं दारात. आजोबा आत. त्यांची आई, म्हणजे माझी पणजी, पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "पोराले ताप आहे जी, उठवत नाही त्याले. बरा झाला का येते."

ती माणसं परत फिरली असती. आजोबा नेहमी सांगायचे, फिरलीच होती, पाठ दिसली होती त्यांची.

आजोबा बाहेर आले. "मले ताप नाही. मी वाजवणार नाही. मी बौद्ध आहो."

त्या दिवशी मारलं. डाव्या हाताची दोन बोटं त्यानंतर सरळ झाली नाहीत. वस्तीचं पाणी बंद झालं, शेतात मजुरीला कुणी घेईना, दुकानदार मीठ देईना. दीड वर्ष चाललं. बायका चार कोसांवरून पाणी आणायच्या, त्यात पणजीही. ती पोरावर इतकी चिडली होती की चार महिने त्याच्याशी बोलली नाही. मारणाऱ्यांवर नाही, पोरावर. मी तुला झाकलं आणि तू उघडा पडलास, असं काहीतरी तिच्या मनात असावं. ती चार कोस चालायची ती त्याच्या एका वाक्यापायी, हे खरंच होतं ना.

म्हणून साधाप्रश्न यांना सांगावंसं वाटतं, तुमची भीती बरोबर आहे. उभं राहणारा एक असतो आणि पाणी आणणारे दुसरेच. आजोबांना हे पक्कं माहीत होतं. त्यांच्या सत्काराची वेळ आली (दोनदा आली) तेव्हा गेले नाहीत. म्हणाले, हंडा डोक्यावर मायच्या होता.

---

साधाप्रश्न

वाचलं. आज काही वाद घालत नाही.

---

बखरवाला

हे नीट लिहून काढा कुठेतरी. तारखांसकट. विनंती आहे.

---

उंबरठा

'पाठ दिसली होती त्यांची.' बाई गं.

मग पणजी बोलली का पुढे आजोबांशी?

---

झाकलीमूठ

बोलली. कशामुळे ते कुणालाच नक्की माहीत नाही, एक दिवस जेवायला वाढताना बोलली म्हणे.

बखरवाला, आजोबा २००९ मध्ये गेले. जे आठवतंय ते लिहितोय वहीत.

एक राहिलं. नदीला देव सोडले तेव्हा पणजीने एक मागे ठेवला होता. मरीमायचा पितळी टाक, आपल्या अंगठ्याएवढा. ज्वारीच्या कोठीत, धान्याच्या खाली. आजोबांना पहिल्या वर्षीच सापडला होता. त्यांनी तो होता तिथे परत ठेवला आणि वरून ज्वारी सारखी केली. वीस-बावीस वर्षं, ती जाईपर्यंत, दोघांपैकी कुणीही त्याचं नाव काढलं नाही.

---

तळ्याकाठी

आणि ती गेल्यावर? इतका कडवा माणूस, तेव्हा तरी सोडला असेल ना नदीला?

---

झाकलीमूठ

नाही. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत होता, तिच्या बांगड्यांबरोबर फडक्यात बांधलेला. मी लहान असताना नेमकं हेच विचारलं होतं, की आबा, तुम्ही बौद्ध, मग हे का ठेवलं.

म्हणाले, "ते माहं नाही ना बाबू. मायचं आहे. म्या काऊन टाकू?"